पोचा निघाला, मग सांगावे कशाला?



धर्मग्रामाच्या पत्रिकेत मोटारगाडीच्या बंपरवर लिहिण्यासारखे काय असते, असा प्रश्न आपल्याला पडेल. पण नीतीचे प्रश्न नेहमीच मोठा झगा घालून येत नाहीत. युवक मंडळाच्या सभेत एका तरुणाने आम्हांला जो प्रश्न विचारला तो बंपरचाच होता, आणि त्यावर चर्चा इतकी रंगली की त्या दिवशीचा ठरलेला विषय तसाच राहिला.

प्रश्न असा. समजा, एका मुलाने बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका वाटण्यासाठी काकांची गाडी मागून नेली. बावखलाच्या कडेने जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर समोरून टेम्पो आला. गाडी मागे घेताना मागचा बंपर एका वाडीच्या दगडी खांबाला लागला आणि बशीएवढा पोचा पडला. रंग मात्र उडाला नाही. मित्राला युक्ती ठाऊक होती. घरी आणून पातेलेभर उकळते पाणी ओतले, आतून हाताने दाबले, ‘टक’ असा आवाज झाला आणि पोचा निघाला. गाडी धुऊन, पेट्रोल भरून काकांना परत दिली. काका म्हणाले, “अरे, नेलीस त्याहून चांगली आणलीस!” आता सांगा फादर, त्याने काकांना सांगायला हवे होते का?

सभेत ‘समजा’ म्हणून सांगितलेली गोष्ट बहुधा घडलेलीच असते, हे आम्ही जाणतो. पण मुलगा कोण आणि काका कोणाचे हे आम्ही विचारले नाही, आणि आपणही तर्क करीत बसू नये.

मुलांमध्ये दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे, नुकसान झाले होते, ते त्याने स्वतःच्या हाताने भरून काढले, विषय संपला. दुसरी बाजू म्हणाली, लपवले म्हणजे खोटेपणा केला. त्यावर पहिल्या बाजूने विचारले, “खोटे बोलला कुठे? काकांनी विचारलेच नाही!” हा युक्तिवाद या मुलांना नवा वाटत असला तरी तो दोन हजार वर्षांहून जुना आहे. त्याच्याकडे आपण येऊच. पण सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक शिस्त आमच्या अंगी बाणवली गेली. काय करावे हे ठरवण्याआधी समोरची वस्तू काय आहे ते पाहावे. तेव्हा आधी बंपर पाहू.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचे चकचकीत पोलादी बंपर आठवत असतील. त्यांना पोचा पडला की पडला; तो काढायला हातोडीच लागे. पुढे अमेरिकेत १९६८ च्या पॉन्टियाक जीटीओ या गाडीला पुढच्या बाजूस रबरासारखा लवचीक बंपर आला आणि जाहिरातीत त्यावर चक्क हातोड्याचे घाव घालून दाखवले गेले. फ्रान्समध्ये १९७२ साली आलेल्या रेनॉ ५ या लहान गाडीचे बंपर प्लास्टिकचे होते. आज आपल्या रस्त्यांवरील बहुतेक मोटारींचे बंपर पॉलिप्रॉपिलिन नावाच्या प्लास्टिकचे असतात. त्यात चिवटपणासाठी थोडे रबर आणि ताठपणासाठी शंखजिऱ्याची पूड मिसळलेली असते. चर्चच्या सभागृहात आपण ज्या खुर्च्यांवर बसतो त्यादेखील बहुधा याच जातीच्या प्लास्टिकच्या.

या प्लास्टिकचा स्वभाव लोखंडी पत्र्याहून वेगळा आहे. डब्याच्या पातळ झाकणाचा फुगवटा अंगठ्याने दाबला की तो ‘टक’ करून आत जातो आणि तिथेच अडून बसतो, हे आपण लहानपणी केलेले असते. बंपरच्या पोच्याचेही बरेचदा तसेच होते. प्लास्टिक फारसे ताणलेले किंवा फाटलेले नसते; फुगीर भाग आत जाऊन अडकलेला असतो. मूळ आकाराला परतण्याची ओढ त्यात शिल्लक असते, पण थंड प्लास्टिकचा ताठरपणा त्याला परतू देत नाही. उष्णता लागली की ताठरपणा उतरतो आणि थोड्याशा दाबाने तो भाग आपल्या जागी येतो. भर उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा पोचा कधी कधी आपोआप निघतो तो यामुळेच. हे प्लास्टिक वितळायला साधारण १६० अंश सेल्सियस उष्णता लागते आणि उकळते पाणी १०० अंशांवर थांबते. म्हणून पाण्याने आकार परत येतो, बंपर वितळत नाही.

ज्यांना घरी करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गाडी धुऊन आधी रंग नीट न्याहाळावा. रंगाला चीर गेली असेल, तर या भानगडीत पडू नये. गरम पाणी चिरेत शिरते आणि रंगाचे पोपडे सुटतात. चाकामागचे अस्तर किंवा खालची बाजू सोडवून आतून हात जाईल अशी वाट करावी. लहान मुलांना दूर ठेवावे, हातात जाड मोजे घालावेत, आणि उकळते पाणी पोच्यावर व त्याच्या कडेने दोन-तीनदा सावकाश ओतावे. मग आतून, कडेकडून मध्याकडे दाबत यावे. बाहेर आला की वरून गार पाणी ओतावे म्हणजे तो आकार धरतो. पाण्याऐवजी केस वाळवण्याचा ड्रायर चालतो, पण तो एका जागी न धरता सतत हलवत राहावा. गॅरेजमधली हीट गन मात्र सवय नसलेल्याने हाती घेऊ नये. तिची हवा काहीशे अंशांपर्यंत तापते, आणि रंगाला फोड आले की पाण्याने फुकट झाले असते ते काम रंगाऱ्याच्या बिलावर जाते.

हे काम स्वतः करण्यात कमीपणा नाही, उलट आम्हांला त्याचे कौतुकच आहे. जरासा पोचा पडला म्हणून अख्खे आवरण फेकून नवे बसवायचे, या फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात आपल्याला सावध केले आहे. शिवाय खिशाचाही प्रश्न आहे. साध्या विमा पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर निम्मी घट धरतात, म्हणजे नव्या बंपरच्या किमतीतले अर्धे पैसे आपल्यालाच भरावे लागतात, आणि दावा केला की साठत आलेला ‘नो क्लेम बोनस’ही जातो. तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि पाच वर्षे दावा केला नाही तर ५० टक्क्यांपर्यंत चढतो. आपला पोचा आपणच काढून हा बोनस राखणे यात गैर काही नाही. गैर केव्हा होते? नव्या अपघाताच्या दाव्यात जुने पोचे हळूच घुसवतो तेव्हा. ‘सगळेच करतात’ हे त्यावरचे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. ते उत्तर नव्हे.

आता काकांच्या गाडीकडे येऊ. आपण ज्याला बंपर म्हणतो ते खरे म्हणजे नुसते आवरण. अनेक गाड्यांत त्याच्या आत फेसाळ प्लास्टिकचा ठोकळा असतो, दिसायला थर्मोकोलसारखा पण त्याहून चिवट. आणि त्याच्यामागे पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची आडवी पट्टी. धक्का सोसण्याचे खरे काम या आतल्या मंडळींचे. आवरण परत आकाराला येते म्हणून आतला ठोकळाही धड असेल असे नाही. तो तडकलेला असू शकतो, आवरण धरून ठेवणाऱ्या क्लिपा तुटलेल्या असू शकतात. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर बंधनकारक झाले. त्यांचे डोळे याच आवरणात बसवलेले असतात, आणि बैठक किंचित तिरकी झाली तरी त्यांची नजर चुकू शकते. मागे मूल उभे आहे की नाही हे ज्याने सांगायचे तोच तिरका पाहत असला तर? हे सगळे त्या मुलाच्या गाडीत झाले होतेच असे आमचे म्हणणे नाही. बशीएवढ्या पोच्याने बहुधा काहीच झाले नसेल. पण ‘बहुधा’ हा निकाल काढण्याचा अधिकार कोणाचा? काकांना ठाऊक असते तर ते म्हणाले असते, “जाऊ दे रे,” किंवा गॅरेजवाल्याकडे नेऊन एकदा आतून पाहून घेतले असते. पुतण्याच्या गप्प राहण्याने काकांचा एक रुपयाही गेला नाही. पण त्यांच्याच गाडीविषयीचा निर्णय त्यांच्या हातून गेला, आणि गेला हे त्यांना कळलेही नाही.

आता तो जुना युक्तिवाद. रोमन विचारवंत सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात एक धान्यव्यापारी येतो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. हा अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोहोचला आहे आणि मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. ते लोकांना सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? डायोजेनिस आणि अँटिपॅटर या दोन स्टोइक तत्त्वज्ञांची मते तेथे समोरासमोर ठेवलेली आहेत. डायोजेनिसचे म्हणणे आपल्या मुलांसारखेच, की न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. अँटिपॅटर म्हणतो की माणसे एकमेकांशी बांधलेली आहेत, त्यामुळे दुसऱ्याच्या हिताचे जे आपल्याला ठाऊक आहे ते त्याच्यापासून दडवता येत नाही. सिसेरोचा कौल अँटिपॅटरकडे आहे. त्याने भेद केला तो लक्षात ठेवण्याजोगा आहे: प्रत्येक न बोलणे हे लपवणे नसते, पण ज्याला जाणून घेण्यात रास्त हितसंबंध आहे अशाला आपल्या फायद्यासाठी अंधारात ठेवणे म्हणजे लपवणेच.

संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिए’ मध्ये हाच विषय घेतला आहे आणि, त्यांच्या सवयीप्रमाणे, अधिक बारकाईने. विकणाऱ्याने वस्तूतला दोष सांगितलाच पाहिजे का? दोष उघड असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि किंमत त्या मानाने कमी केली असेल, तर मुद्दाम सांगण्याची सक्ती नाही. घेणाऱ्याला डोळे आहेत. पण दोष लपलेला असेल आणि त्याने घेणाऱ्याचे नुकसान होण्याचा किंवा त्याला धोका पोहोचण्याचा संभव असेल, तर सांगणे बंधनकारक आहे. मग गावभर दवंडी पिटायची का? नाही, ते म्हणतात; जो घ्यायला येईल त्याला सांगावे. आम्हांला हा तोल फार आवडतो. तुमच्या स्वतःच्या गाडीला तुम्ही पाडलेला आणि तुम्हीच काढलेला पोचा शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत फिरण्याचे काही कारण नाही. ज्यांचे मन फार हळवे असते आणि प्रत्येक ओरखड्याची कबुली दिल्याशिवाय ज्यांना झोप येत नाही, त्यांना हे मुद्दाम सांगत आहोत.

पण पोचा पाण्याने निघाला की नेमके काय घडते ते पाहा. उघड दोष लपलेला होतो. सकाळी तो एक डोळ्याचा घोडा होता; संध्याकाळी दोन्ही डोळे दिसू लागले, आणि दुसरा डोळा खरेच पाहतो की नाही हे फक्त पुतण्याला ठाऊक. पोचा तसाच राहिला असता तर काकांनी तो पाहिला असता, रागावले असते, आणि प्रकरण तिथेच मिटले असते. दुरुस्ती जितकी चांगली जमली तितकी सांगण्याची जबाबदारी वाढली. मुलांना हे ऐकून अन्याय वाटला. “म्हणजे चांगले काम केले याची शिक्षा?” एकाने विचारले. शिक्षा कसली? डॉक्टर जखम शिवतो तेव्हा कागदावर तसे लिहितोही, कारण पुढच्या डॉक्टरला ते लागणार असते.

आणि काका तरी ती गाडी कायम थोडेच ठेवणार आहेत? दोन-तीन वर्षांनी विकायला काढतील. घेणारा विचारेल, “गाडी कुठे लागली आहे का?” काका छातीवर हात ठेवून सांगतील, “एकदाही नाही.” काकांच्या मनात खोट नाही, पण त्यांच्या तोंडून निघालेले वाक्य खोटे आहे. ते खोटे कोणाचे? संत थॉमस म्हणतात की विकणाऱ्याला दोष ठाऊकच नसेल तर त्याच्याकडून पाप होत नाही. मात्र पुढे कळला तर त्याने घेणाऱ्याचे नुकसान भरून द्यावे. म्हणजे उद्या घेणाऱ्याच्या गॅरेजवाल्याने आवरण काढले, आत तडा दिसला आणि तो माणूस दारात येऊन उभा राहिला, तर मान खाली घालायची आणि पैसे मोजायचे ते काकांनी. ज्यांनी विश्वासाने किल्ली हातात दिली त्यांच्या सचोटीलाच हा पोचा. या मुद्द्यावर सभा गप्प झाली, एवढे आम्ही नोंदवतो.

एक मुलगी मात्र गप्प बसली नाही. तिने विचारले, “फादर, त्याने कुमसारात सांगितले तर चालणार नाही का? देवाने क्षमा केली की झाले.” प्रश्न गंभीर आहे, आणि तो मोठ्यांच्या मनातही असतो, फक्त मोठे विचारत नाहीत. पापनिवेदनात देवाची क्षमा पूर्ण मिळते, अर्धीमुर्धी नाही. पण त्याच वेळी ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद १४५९) सांगतो की पापमुक्तीने पाप जाते, पापामुळे झालेली सगळी विस्कट मात्र आपोआप निस्तरत नाही. शेजाऱ्याचे जे बिघडले ते शक्य तितके नीट करणे आपल्याकडे उरते. पॉलिप्रॉपिलिनला जिथे कडक घडी पडते तिथे ते पांढरे पडते. आकार परत येतो, पण ती पांढरी रेघ मागे राहू शकते. रंग न दिलेल्या काळ्या बंपरवर ती उघड दिसते, रंगवलेल्या बंपरवर रंगाखाली राहते. ती रेघ म्हणजे बंपर वाया गेला असा अर्थ नव्हे. इथे काहीतरी घडले होते, एवढेच ती सांगते.

पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरचे खिळ्यांचे वण आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. संत थॉमस यांनी तेही प्रश्न म्हणून घेतले: गौरवी शरीराला वण कशाला असावेत? पूर्णत्व म्हणजे कोरी त्वचा, असे आपण सहज समजतो. त्यांच्या उत्तरात अनेक कारणे आहेत. त्यातले एक असे की त्या खुणांमुळे शिष्यांची श्रद्धा दृढ झाली, समोर उभा आहे तो तोच, याची त्यांना खात्री पटली. प्रेषित थोमाला प्रभूने हात दाखवले ते योहानाच्या शुभवर्तमानात आपण दरवर्षी पुनरुत्थान सणानंतरच्या रविवारी ऐकतो. मृत्यूवर विजय मिळवलेल्याने वण मिटवले नाहीत, आणि आपण मात्र बशीएवढ्या पोच्यासाठी रात्री दिवा लावून पाणी उकळत बसतो! असो. बंपर आणि प्रभूच्या जखमा यांची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही.

शेवटी मुलांना हवे होते ते व्यवहाराचे उत्तर: सांगायचे कसे, आणि पैसे कोणी द्यायचे? सांगण्याला मुहूर्त लागत नाही. काकांच्या घरी जावे, हात बंपरच्या त्याच जागी ठेवावा आणि म्हणावे, “काका, इथे लागली होती. मी पाण्याने काढली आहे. आतून एकदा बघून घेऊ या, खर्च मी देतो.” काका ओरडतील. काकांचा तो अधिकार आहे. खर्चाविषयी निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात आपल्याला वाटते त्याहून बरेच काही आहे. कोणी शेजाऱ्याचे जनावर मागून नेले आणि त्याला इजा झाली किंवा ते मेले, तर नेणाऱ्याने भरपाई द्यावी. मात्र मालक त्या वेळी सोबत असेल तर भरपाई नाही. आणि जनावर भाड्याने आणले असेल तर ते नुकसान भाड्यातच धरावे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या गोठ्यासाठी सांगितलेला हा नियम आम्ही वाचून दाखवला, तेव्हा मागच्या बाकावरून ज्याने ‘समजा’ म्हटले होते तोच हळूच म्हणाला, “फादर, काका बाजूलाच बसले होते आणि ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत होते, असे समजा.” सभा हसली. पण हसणे ओसरल्यावर त्यातल्या एकाने विचारले की मग तेव्हा काकांनी पोचा पाहिला कसा नाही, आणि बाकीचे सगळे त्या मुलाकडे वळून पाहू लागले.